हॅड एकटा येत नाही

विश्राम सर माइकसमोर उभे राहिले आणि चक्क इंग्रजीत बोलायला लागले, तेव्हा सत्यवती बाई खुर्चीत सावरून बसल्या.

चित्रकलेचे मास्तर ते. उभ्या जन्मात त्यांनी माइक हातात धरला होता तो फक्त पंधरा ऑगस्टला, तोही 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' एवढं म्हणून पुढच्याच्या हातात द्यायला. आणि आज बाईंच्या निरोप समारंभात, संस्थेचे अध्यक्ष, सरपंच, आजी-माजी विद्यार्थी असे सगळे समोर बसलेले असताना ह्या गृहस्थाला इंग्रजीची उबळ आली होती. हातात कागदही नव्हता. सगळं पाठ करून आले होते.

"रिस्पेक्टेड सत्यवती मॅडम हॅड केम टू धिस स्कूल बिफोर मेनी इयर्स," सर म्हणाले.

हॅडनंतर 'केम' येत नाही, 'कम' येतं, बाई मनात म्हणाल्या. आणि मुळात हॅड हवाच कशाला? नुसतं 'केम' म्हणा आणि मोकळे व्हा.

"आय हॅड सीन हर निअर द वेल. शी हॅड ब्लू अंब्रेला."

ह्यातला दुसरा हॅड बरोबर होता. छत्री जवळ होती ह्या अर्थाचा. बाईंना जरा धीर आला.

"शी हॅड टीच मी इंग्लिश इन स्टाफरूम. शी हॅड व्हेरी अँग्री ऑन मी."

बाईंनी मांडीवरची शाल घट्ट धरली, नाहीतर वरचं श्रीफळ गडगडलं असतं. शेजारी अध्यक्ष भिकाजीशेट बसले होते. त्यांचा खतांचा धंदा, आणि इंग्रजीशी संबंध गोणीवरच्या अक्षरांपुरता. पण माणूस मनानं मोठा. सर श्वास घ्यायला थांबले की भिकाजीशेट टाळी वाजवत. अध्यक्ष वाजवतात म्हणून मग अख्खा हॉल वाजवी. त्या टाळ्यांनी सरांना चेव चढत होता.

आतापर्यंत सरांची नजर वरच्या पंख्याला चिकटली होती. ती आता खाली आली, थेट बाईंवर.

"आय हॅड लाइक्ड हर व्हेरी मच," सर म्हणाले.

आणि तिथं ते थांबले. श्वास घ्यायला थांबले की आणखी कशाला, देव जाणे. भिकाजीशेटांचे हात टाळीसाठी वर गेले, तेवढ्यात बाईंच्या तोंडून, कुणी काही विचारलेलं नसताना, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात निघून गेलं, "बिफोर व्हॉट?"

हॉल असा काही हसला की विचारू नका. मागच्या रांगांत सगळे बाईंच्या हाताखालून गेलेले. त्यातला एकही असा नव्हता ज्यानं आयुष्यात ह्या दोन शब्दांचा मार खाल्ला नव्हता. सरांचे कान लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाठ केलेलं सगळं पार वाहून गेलं होतं. शेवटी "थँक यू" म्हणून ते स्टेजवरून उतरले, ते जेवणाला थांबलेच नाहीत.

*

आता बाईंचा हा 'बिफोर व्हॉट' काय प्रकार आहे ते सांगायला हवं.

भूतकाळात दोन गोष्टी घडल्या असतील, तर त्यातली जी आधी घडली तिला इंग्रजीत हॅड लावायचा. मी स्टॉपवर पोचलो त्याच्या आधी यष्टी गेली होती. आधी यष्टी गेली, मग मी पोचलो, म्हणून यष्टीला हॅड. पण गोष्ट एकच घडली असेल तर हॅडचं तिथं काही काम नाही. नियम एवढासा. पण आमच्या कट्टा गावाच्या पंचक्रोशीत तो कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. कारण आपण मराठीत ऊठसूट 'गेलो होतो, केलं होतं' म्हणतो, आणि मालवणी माणूस तर त्याहून पुढे. 'काल खंय गेल्लंस?' 'बाजारात गेल्लंय.' तो जो 'ल' वर जोर दिलेला असतो ना, त्यातच हॅड दडून बसलेला असतो, असा बाईंचा सिद्धांत होता. आईच्या दुधातून आलेला तो 'ल' मुलं इंग्रजीत घेऊन जात. 'आय हॅड गॉन टू मार्केट. आय हॅड ईटन फिश.'

"बिफोर व्हॉट?" बाई विचारत. "कशाच्या आधी खाल्लास मासा? पुढची गोष्ट सांग. हॅड एकटा घराबाहेर पडत नाही रे. त्याला सोबत लागते."

मग वर्ग खुसूखुसू हसे. बाई स्वतः बिनलग्नाच्या होत्या, आणि हे मुलांना माहीत होतं.

सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की शाळा सुटली तरी ती सुटत नसे. एकदा कट्ट्याच्या स्टॉपवर बाई धापा टाकत पोचल्या, तर शीतपेयाच्या दुकानातून त्यांचाच जुना विद्यार्थी सुशांत इंग्रजी झाडत म्हणाला, "बाई, यष्टी हॅड गॉन."

"बिफोर व्हॉट?"

"बिफोर यू, बाई," सुशांत म्हणाला. ते वाक्य व्याकरणाला धरून होतं हे बाईंना मान्य करावं लागलं.

एका घरी त्या समाचाराला गेल्या होत्या. मुलगा रडत म्हणाला, "मॅडम, माय फादर हॅड एक्स्पायर्ड." तेव्हा बाईंनी पदर तोंडात कोंबला म्हणून निभावलं. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आवरेना. तरुणपणी खारेपाटणचं एक बरं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बँकेत होता. पोहे खाता खाता म्हणाला, "आय हॅड पास्ड बी.कॉम." बाईंनी विचारलं. तो परत आला नाही. पुढे वडिलांना लकवा झाला, धाकट्या भावाचं शिक्षण निघालं, आणि बाईंच्या लग्नाचा विषय घरात जो मागे पडला तो पडलाच. बाईंनीही त्याची फार चौकशी केली नाही.

*

समारंभाहून घरी आल्यावर बाईंनी हार खुंटीला अडकवला आणि झोपाळ्यावर बसल्या. भाऊ नोकरीला बांद्याला, तो शनिवारी यायचा. घरात त्या आणि भावजय किशोरी. किशोरी समोर येऊन उभी राहिली ती कमरेवर हात ठेवूनच.

"वन्सं, काय केल्यात ता कळला काय तुमका?"

"काय केलंय? इंग्लिश चुकला त्येंचा. अख्ख्या भाषणात हॅड, हॅड, हॅड."

"त्या माणसान गावासमोर उभ्या ऱ्हवान तुमका सांगल्यान, आनि तुमी त्येका ग्रामर इचारल्यात."

"काय सांगल्यान?" बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. आता त्यातला हॅड ऐकू आला नाही. बाकीचं ऐकू आलं.

झोपाळा थांबला.

"माका एक सांगा," किशोरी म्हणाली, "चित्रकलेच्या मास्तराक इतकी वरसां इंग्लिश कित्याक होया होता? मूर्ती घडयता त्या गनपतीवांगडा इंग्लिश बोलूचा होता काय?"

हा प्रश्नच बाईंना कधी पडला नव्हता. रोज मधल्या सुट्टीत विश्राम सर खडूनं माखलेले हात पँटला पुसत येत आणि त्यांच्या टेबलाशी उभे राहत. "बाई, 'विहिरीत बादली पडली होती' ह्याचं इंग्रजी काय हो?" दुसऱ्या दिवशी, "बाई, 'फणस पिकला होता' ह्याचं?" बाई सांगत, चुका काढत, चिडत. सर मान डोलवत. दुसऱ्या दिवशी नवा फणस. बाईंना वाटे, काय चिकाटी आहे माणसाची, अक्कल नसली तरी जिद्द आहे. एकदा सरांनी विचारलं होतं, "बाई, 'मी वाट बघत होतो' ह्याचं इंग्रजी?" बाई म्हणाल्या, "आय हॅड बीन वेटिंग. पण मग ती व्यक्ती आली का, ते पुढे सांगायला हवं." सर म्हणाले, "ते अजून घडायचं आहे." बाई म्हणाल्या, "मग हॅड वापरू नका." सर बरं म्हणून सातवीच्या वर्गावर निघून गेले होते.

"गावाक म्हायत आसा काय ह्या?" बाईंनी हळूच विचारलं.

"अख्ख्या गावाक. तुमका सोडून."

"मगे माका कोणी कित्याक सांगूक नाय?"

"तुमका सांगूचा कोणी?" किशोरी म्हणाली. "तुमी लगेच इचारतलात, बिफोर व्हॉट." आणि ती आत भाजी फोडणीला टाकायला निघून गेली.

बाई तिथंच बसून राहिल्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आयुष्यात एक माणूस आपल्यासाठी काही बोलायला उभा राहिला, आपल्या भाषेत बोलावं म्हणून इंग्रजी पाठ करून आला, आणि आपण त्याचं व्याकरण काढलं. वर लोकांना हसवलं. लाज वाटायला हवी, सत्यवती, त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांना खरंच लाज वाटली.

पण मास्तरकी अशी सुटत नाही. लाज वाटून झाल्यावर त्यांचं डोकं त्या वाक्याच्या मागे लागलं. सरांनी हॅड चुकून घातला की बरोबर घातला? चुकून घातला असेल तर त्यांना म्हणायचं होतं, 'मला त्या आवडत होत्या', बस्स, आणि आता आवडतात की नाही ह्याचा काही पत्ता नाही. पण समजा माणसानं एवढी वर्षं घोकून एकदा तरी बरोबर घातला असेल, तर? तर त्या वाक्याला पुढचं वाक्य असणारच. आवडत होत्या, आणि मग काहीतरी घडलं. काय घडलं? आपण काही बोललो? दुसरी कोणी आली? बाईंनी नावं आठवून पाहिली. गणिताच्या गौरजा मॅडम? छे, त्या तर बदलून येताना तान्हं मूल काखेत घेऊन आल्या होत्या.

उद्यापासून टेबल नाही, मधली सुट्टी नाही. सर काही आपणहून घरी येणारे नव्हेत. आजच्या प्रकारानंतर तर नव्हेतच. आता विचारलं नाही तर वाक्य जन्मभर अर्धंच राहील, आणि अर्धं वाक्य बाईंना कधीच सहन झालं नव्हतं.

*

सकाळी बाई छत्री घेऊन निघाल्या. "खंय?" किशोरीनं विचारलं. "जरा बाहेर," बाई म्हणाल्या. किशोरीनं पुढे काही विचारलं नाही, पण दारातून बघत राहिली.

शेतांतली लावणी आटोपली होती. बांधावरून पलीकडच्या वाडीत जाईपर्यंत बाईंच्या साडीचे काठ चिखलानं भरले. विश्राम सरांचं घर वाडीच्या टोकाला. आई होती तोवर घरात माणसांची वर्दळ असे. ती गेल्यापासून सर एकटेच. चतुर्थी जवळ आली की पडवीत गणपतीची शाळा लागे. आपल्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेलाही शाळाच म्हणतात, आणि सरांचा जीव ह्या शाळेत जास्त रमे. पडवीभर ओल्या मातीचे गणपती फळ्यांवर ओळीनं बसले होते. कुणाला अजून सोंड नव्हती, कुणाला हात.

सर एका मोठ्या मूर्तीपुढे पाटावर बसले होते. बाईंना बघून ते उठले आणि उठताना पाण्याचं भांडं लवंडलं.

"बाई, तुम्ही? बसा, बसा. हात मातीनं भरलेत, खुर्ची कशी देऊ?"

"ती शाळा सुटली," बाई म्हणाल्या. "म्हणून ह्या शाळेत आले."

त्या स्वतःच एक पाट ओढून बसल्या. सरही बसले.

"सर, काल माझं चुकलं."

सर दचकले. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी बाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं, कुठल्याच भाषेत.

"तुमचं कसं चुकेल? चूक माझी. 'लाइक'ला हॅड लागत नसणार."

"लागतो. लागू शकतो."

"पण एकटा येत नाही."

"हो."

सरांनी मातीचा गोळा उचलला, दोन तळव्यांत वळून त्याची सोंड केली, मूर्तीला लावून पाहिली, काढली.

"सर," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका हळू निघू शकतो ह्याचं त्यांनाच नवल वाटलं, "कशाच्या आधी?"

सर सोंडेकडे बघत होते.

"मी घरी आल्यापासून तोच विचार केला, बाई. पुढचं वाक्य काय लावायचं. पाठ केलेलं त्यात काहीतरी होतं. 'बिफोर शी रिटायर्ड' की असं काहीतरी. पण ते खोटं होतं. नुसतं हॅडसाठी लावलेलं." ते थांबले. शाळेतली भाषा त्यांना इथवरच पुरली. "पुढे काय घडलाच नाय, बाई. तुमच्या बापाशीचा दुखणा झाला. माझे आवशीचा झाला. तुमच्या भावाचा लगीन झाला. घडला ता सगळा दुसऱ्यांचा. माझा आपला थंयच आसा, त्या इहिरीकडे. हॅडाक दोन गोष्टी होयत म्हणतात. मी दुसरी खंयसून हाडू?"

बाईंना रडू आलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, त्या सरळ रडल्या, चष्मा काढून, पदरानं डोळे पुसत. सर घाबरले. मातीचे हात पुढे करून त्यांनी मागे घेतले. घरात पाणी आहे, आणू का, म्हणाले.

"पाणी नको," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत घातला आणि पाठ ताठ केली. वर्गात फळ्यावरचं वाक्य दुरुस्त करायच्या आधी त्या हेच करत. "वाक्य म्हणा परत."

"आय हॅड लाइक्ड हर व्हेरी मच."

"दुसरी गोष्ट घडलीच नाही ना?"

"नाय."

"मग हॅड काढून टाका."

सरांनी ओठ हलवून मनात काढून पाहिला. "आय लाइक्ड हर व्हेरी मच."

"हाही भूतकाळच. ह्याचा अर्थ आवडत होती, संपलं."

"संपाक नाय," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा राग आला.

बाई मूर्तीकडे बघत होत्या. त्यांचे कान गरम झाले होते. ह्या वयात कान गरम व्हावेत हे त्यांना बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही.

"मग लाइक्डचा डी पण काढा," त्या म्हणाल्या.

सर विचारात पडले. वाक्य फिरवायला त्यांना नेहमीच वेळ लागे. फळीच्या कडेला आलेला एक मुंगळा त्यांनी बोटानं खाली उतरवला. कपाळ खाजवलं, तिथं मातीचा ठिपका राहिला. बाई थांबल्या. एरव्ही त्यांनी एवढ्यात दोनदा तरी 'चला, चला' म्हटलं असतं.

मग सर बाईंकडे वळले आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "आय... अ‍ॅम... लाइकिंग... यू... व्हेरी मच."

'हर'चं 'यू' त्यांनी आपणहून केलं होतं, आणि ते बिनचूक होतं. पण 'लाइक'ला आयएनजी लावत नाहीत. कधीच लावत नाहीत. आवडणं ही काही चालू असलेली क्रिया नव्हे, ती मनाची स्थिती आहे, हे आठवीच्या पुस्तकात आहे, आणि बाईंनी ते घसा कोरडा करून पोरांच्या किती पिढ्यांना सांगितलं होतं. त्यांचं बोट सवयीनं वर गेलं.

"बरोबर?" सरांनी विचारलं.

बाईंनी बोट खाली घेतलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.